अर्ध्या किलोची खोबण

४ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मुलगी झाली आणि दोघी सुखरूप आहोत, एवढं ह्यांनी फोनवर ओरडून सांगितलंच आहे. बाबांना ऐकू येत नाही आणि तू हुंदका आला की फोन ठेवून देतेस, म्हणून बाकीचं पत्रातच लिहिते.

आई, मुलगी फार लहान आहे ग. एक किलो नऊशे. दिवस पूर्ण भरले होते, तरी एक किलो नऊशे. अडीचच्या खाली असलं की इथे कमी वजनाचं बाळ म्हणतात, आणि ही तर दोनच्याही आत. तिला वरच्या मजल्यावरच्या उबदार खोलीत काचेच्या पेटीत ठेवलंय. टोपी भुवयांवर येते आणि रडली तर शेजारच्या पेटीतल्या बाळाला जागही येत नाही. सगळे तिला चिंगी म्हणायला लागलेत.

डॉक्टरीणबाई रोज शंभर प्रश्न विचारतात. मी सगळं खरं सांगितलं. आठव्या महिन्यापर्यंत छापखान्यात मुद्रितं तपासत होते, रक्त कमी होतं, लोहाच्या गोळ्यांनी मळमळायचं म्हणून मधूनमधून बुडवल्या. आणि खाणं तू सांगितलं होतंस तसंच ठेवलं. दोन घास कमी, म्हणजे बाळ फार मोठं होत नाही आणि सुटका सोपी होते. माझ्या वेळी तू तेवढंच खाल्लंस आणि तरी मी तीन किलोची झाले, हे मी त्यांना जरा तोऱ्यातच सांगितलं. त्यांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. आईच जन्मताना कमी वजनाची असेल तर बाळही तसं होण्याची शक्यता वाढते, तेव्हा माझं वजन नक्की किती होतं ते घरी विचारून घे, म्हणाल्या. तर नक्की आकडा कळव. नुसतं बाळसेदार होतीस असं लिहू नकोस, त्या ऐकायच्या नाहीत.

प्लास्टरमधला पाय खाली टेकवू नकोस. बाबांना नमस्कार. नेहमीचा लोभ असतोच, यावेळी थोडा चिंगीच्या वाट्याचा वेगळा काढून ठेवावा.

तुझी,
ढब्बू


९ मार्च

चि. ढब्बूस,
अ. उ. आ., आणि चिंगीच्या कपाळाला माझ्या वाटचा हात.

पत्र वाचलं. तीनदा वाचलं. पाय असा झाला नसता तर मी ह्याच क्षणी निघाले असते. जिन्यावरून पडायलाही मी मुहूर्त बरा शोधला!

किती ते विचारतात ग बाई तुझ्या डॉक्टर! एकतीस वर्षांपूर्वीचं वजन घेऊन आता काय करायचंय? तीन होतीस. म्हणजे तीनच्या आसपास. थोडं इकडे, थोडं तिकडे. घरात सुईण आली होती, कागद कुठून असणार? आणि तू बाळसेदार नसतीस तर बाबांनी तुला ढब्बू कशाला म्हटलं असतं? ते लिहायलाच हवं का त्यांच्या कागदावर? नसेल तर नको लिहूस.

खाण्याचं मी तसं म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हटलं होतं, पण ते मूळ तुझ्या आजीचं म्हणणं, मी फक्त पुढे सांगितलं. आता ते सगळं विसर आणि पोटभर जेव. दर दोन तासांनी काहीतरी खा. दूध येतंय ना? जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून पाठवते आहे. हिरव्याची शिवण कच्ची झालीय, ते वर घालू नकोस. शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली. बाकी सगळं ठीक.

कळावे. आजारी माणसाने जास्त लिहू नये, म्हणून थांबते.

तुझी,
आई


१० मार्च

चि. ढब्बूस,
अ. आ.

तुझ्या आईने तुला तीन लिहिल्याचं कळलं. ते चूक आहे. तीन हा गप्पांमधला आकडा. खरा आकडा दोन किलो सहाशे पन्नास. मी स्वतः वजन केलं आहे, तेव्हा डॉक्टरीणबाईंना बिनधास्त सांग.

तू तिसऱ्या दिवसाची होतीस. त्याच आठवड्यात मी नवा तराजू जुळवून आपल्या तराजूंच्या दुकानात टांगला होता आणि त्यावर पहिलं वजन तुझंच करायचं असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माझी आई, आत्या, सुईण, शेजारचा घड्याळजी, समोरचे दोघेतिघे, अशी खोली भरली होती. तुझ्या आईने तुला दुपट्यात गुंडाळून आणलं. दुपट्याचं वजन तुझ्या खात्यावर चढू नये म्हणून मी तसलंच दुसरं दुपटं समोरच्या पारड्यात घातलं. असं चोख काम! काटा स्थिर झाला आणि मी आकडा मोठ्याने पुकारला. माझ्या आईने सगळ्यांकडे अशी नजर फिरवली की जणू ते वजन तिनेच दिलं होतं.

पण एक गोष्ट आजवर कुणाला बोललो नाही. पारड्यातून उचलून तुझ्या आईने तुला आत नेलं. मग मी तुला घेतलं, तर तू हाताला लागतच नव्हतीस. माझा हात वजनं उचलून घट्टे पडलेला; पन्नास ग्रॅमचा फरक मी डोळे मिटून सांगतो. हात म्हणत होता दोनच्या थोडं वर. काटा म्हणत होता अडीचच्या वर. हातावर जाऊ नका, काट्यावर विश्वास ठेवा, हे मी जन्मभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, म्हणून हात खोटा ठरवला. तरी मन खात होतं. तो तराजू मी तीन वेळा उतरवून उघडला. दांडी सरळ, पारडी सारखी, कुठे पासंग नाही. दोष सापडेना, आणि विश्वासही बसेना. शेवटी मोडीत घातला.

तुला तोललं त्याच दिवशी माझ्या तपासणीच्या वजनांच्या पेटीतलं अर्ध्या किलोचं पितळी वजन गेलं; तोलताना मी दुकानातली रोजची वजनं लावली होती. ती खोबण अजून रिकामी आहे. पेटीपाशी घड्याळजी उभा होता. मी त्याला काही बोललो नाही, आणि त्यानंतर आजपर्यंत काहीच बोललो नाही. आपल्या घरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे ते उगाच नाही.

चिंगीचं वजन रोज एकाच काट्यावर, एकाच वेळी करायला सांग.

तुझे,
बाबा


१५ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं आणि बाबांचं पत्र एकाच दिवशी हातात पडलं आणि माझं डोकं गरगरलं. तू म्हणतेस तीन, पण लिहू नकोस. बाबा म्हणतात दोन सहाशे पन्नास, पण हात म्हणतो दोन. एकाच मजकुराची अशी दोन मुद्रितं आली असती तर मी मूळ प्रत मागवली असती. इथे मूळ प्रत मीच, आणि मला काही आठवत नाही! डॉक्टरीणबाईंना मी आधी तीन सांगितलं, मग सव्वादोन ते पावणेतीन. त्यांनी हसून ती जागा पेन्सिलीने भरली.

मला हसू येत नाही ग. चिंगी आधी एक किलो सातशे ऐंशीपर्यंत उतरली. पहिल्या दिवसांत सगळीच उतरतात म्हणे. आता एक आठशे साठ आहे, पण सिस्टर म्हणतात, हवी तशी वर सरकत नाही. तिला दिवसभर उघड्या छातीशी धरून बसायला सांगितलंय. आईच्या अंगाच्या उबेने बाळ वाढतं, दूधही उतरतं. शेजारच्या खुर्च्यांवरच्या बायका तशा बसतात, काही तर तशाच घोरतात. मला ते जमत नाही. मी तिला घेते, आणि पाच मिनिटांत माझे हात गार पडतात. मला वाटतं, जिने हिला नऊ महिने उपाशी ठेवलं तिच्याकडेच परत कशाला देता? मग मी तिला सिस्टरकडे देऊन टाकते.

तू इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी राहिलीस, अर्धपोटी राहिलीस, आणि तरी मला धडधाकट वाढवलंस. मी पंख्याखाली खुर्चीत बसून हे असं केलं. घास तेवढेच मोजले, मग तुझी मी इतकी आणि माझी ही एवढीशी कशी? म्हणजे दोष खाण्यात नाही, माझ्यातच आहे. तुझ्या अंगात जे होतं ते माझ्या अंगात नाही. की तू आणखी काही करत होतीस आणि सांगायची राहिलीस? असेल तर सांग. मला खरंच काही कळेनासं झालंय.

दुपटी मिळाली. हिरवं वापरत नाही. लोभ आहे तो कमी झाला तरी समजू शकते, पण होऊ देऊ नकोस.

तुझी,
ढब्बू


१६ मार्च

ती. सौ. आईंस,
सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, चूकभूल माफ करावी. हिला न सांगता लिहितो आहे.

ही चिंगीला घेत नाही. घेते आणि लगेच देते. बस डेपोतून सुटलो की सोड्याने हात घासून, शर्ट काढून मीच चिंगीला छातीशी धरून बसतो. माझ्या छातीवरचे केस तिच्या नाकात जातात आणि ती शिंकते. सिस्टर म्हणतात बापाने बसायलाही हरकत नाही, पण पोरीला दूध आईकडूनच मिळणार आणि आई अशी दूर बसली तर तेही आटेल. डॉक्टरीणबाई हिला पुन्हा पुन्हा सांगतात की अशा गोष्टींना एकच कारण नसतं. ही मान डोलावते आणि तुमच्या तीन किलोंचं तुणतुणं परत सुरू करते.

इंजिन उघडल्याशिवाय मी बिघाड सांगत नाही. हिने मात्र न उघडताच स्वतःवर ठपका ठेवून टाकलाय. आई, त्या जुन्या वजनाचं काय ते तुम्ही एकदा नीट लिहा. तीन असेल तर तीन, पण नीट लिहा. तुमच्या पत्रात मांजरीची पिल्लं आली तेव्हाच मला जरा शंका आली. रागावू नये.

तुमचा लोभ या मेकॅनिकवरही राहू द्यावा.

आपला,
जावई


२० मार्च

चि. ढब्बूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नाही, आणि मग स्वतःचाच राग आला, की आता पुन्हा न जेवून कुणाचं भलं होणार आहे? तर जेवून, तोंड धुवून लिहायला बसले आहे.

पेटीतलं वजन घड्याळजीने नेलं नाही. मी नेलं.

तू फार लहान होतीस ग. सुईणीने तुला उचललं आणि आधी आणखी दोन दुपटी मागितली. मला दिवस गेल्यापासून तुझ्या आजीने माझं ताट धरून ठेवलं होतं. कमी खा, पोर बारीक राहील, सुटका पटकन होईल. आणि त्याच वर्षभर शेजारणींना सांगायच्या की आमची सून कशी काडी, हिच्या पोटी काय जगणार! बाबांनी तर खोलीभर माणसं बोलावली. ते आकडा कसा पुकारतात तुला माहीत आहे, रस्त्याच्या पलीकडे ऐकू जातो. मला वाटलं, ते दोन म्हणून ओरडतील आणि मग जन्मभर तुझं नाव तेच. मी पेटीतलं अर्ध्या किलोचं उचललं. पितळ गार, तू दचकून रडशील म्हणून ते आधी काखेत धरून कोमट केलं, आणि दुपट्यात तुझ्या पायांशी सरकवलं. तू हूं का चूं केलं नाहीस.

नंतर परत ठेवायला गेले, तर बाबा पेटीपाशी उभे राहून ओरडत होते की वजन कुणी नेलं. मी तशीच मागे फिरले. माझी जुनी कोळशाची इस्त्री आठवते? तिच्या पोटात टाकलं आणि झाकण घट्ट बसवलं. तीच इस्त्री बाबा एकतीस वर्षं दुकानाच्या दाराला अडकण म्हणून लावतायत. पन्नास ग्रॅमचा फरक डोळे मिटून सांगणारा माणूस! त्यांनी तराजू तीन वेळा उघडला तेव्हा तिन्ही वेळा मी कंदील धरून उभी होते. सांगावंसं वाटायचं. मग वाटायचं, उद्या सांगू.

पुढे काय झालं ते ऐक. आकडा चांगला आला म्हणून आजीचं म्हणणं खरं ठरलं. कमी खाऊनही पोर कशी छान, असं त्या गावभर सांगू लागल्या, आणि मी माना डोलवत राहिले. अडीचचे पावणेतीन झाले, पावणेतीनचे तीन. खोटं इतकी वर्षं माझ्याच तोंडात राहिलं की मला ते खरं लागायला लागलं, आणि तुला दिवस गेले तेव्हा तेच मी तुला सांगितलं. तू माझ्यावर विश्वास ठेवून घास मोजलेस. तुझं काही चुकलं नाही, पोरी. चुकलं ते माझं. मला माफ कर, किंवा नको करूस, पण चिंगीला उचल.

आणखी काय करत होतीस, असं तू विचारलंस. तुला पोलक्याच्या आत छातीशी धरून बसायची. तुला ओढायला जोर नव्हता, दोन घोट घेतले की दमायचीस, मग पिळून चमच्याने पाजायची. दोन महिने बसल्या बसल्या झोपले. आजी म्हणायच्या, पोरीला लाडावतेय. ते मला कुणी शिकवलं नव्हतं. तू निसटून जाशील ही भीती वाटायची, म्हणून धरून बसायची, एवढंच.

वजाबाकी तू कर. मी एकतीस वर्षांत केलेली नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.

आई


२२ मार्च

चि. ढब्बूस,
अ. आ.

तुझ्या आईने वरचं पत्र पाकिटात घालण्याआधी मला वाचायला दिलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, दाराची इस्त्री आणा. झाकण गंजलं होतं, हातोडीने उघडावं लागलं. आत वजन होतं. काळं पडलंय, पण मी तोलून पाहिलं, एक ग्रॅमही झिजलेलं नाही.

दिवसभर मला काही सुचेना. काटा खरा होता आणि हातही खरा होता. एका चांगल्या तराजूला मी फुकट मोडीत काढलं. तुझ्या आईवर रागवायला गेलो, तर तिने एवढंच विचारलं की आकडा दोन आला असता तर मी तो खोलीभर पुकारला असता की नाही. पुकारला असता. ते माझ्या लक्षातच आलं नसतं. मग कुणावर रागवायचं तेच कळेना. इस्त्री जड कशी लागली नाही, हेही तिने विचारलं. आता दाराच्या अडकणीचं वजन कोण करतं!

संध्याकाळी घड्याळजीकडे गेलो. सगळं सांगून माफी मागितली. तो खुर्चीवरून उठलाच नाही. म्हणाला, आपण बाळाचं पुरेसं कौतुक केलं नाही म्हणून मी तुटून वागतो, असं तो इतकी वर्षं समजत होता. त्याची बायकोही त्याला त्यावरून बोलायची म्हणे. मग त्याने आपल्या घरचं ते मागे पडलेलं घड्याळ मागून घेतलं आणि नीट केलं. ते आता बरोबर चालतं आणि मला सारखं कुठेतरी उशीर झाल्यासारखं वाटतं.

डॉक्टरीणबाईंना सांग: दोन किलो एकशे पन्नास. खाली माझा धंदा लिही, म्हणजे शंका घेणार नाहीत. तुला ढब्बू म्हणायचं मात्र मी सोडणार नाही, आता सवय झाली.

वजन पेटीत ठेवलं. खोबणीत बरोबर बसलं.

तुझे,
बाबा


२ एप्रिल

ती. आईस व ती. बाबांस,
दोघांना मिळून एकच सा. न. वि. वि., भांडून वाटून घ्यावा.

आई, तुझं पत्र मी उबदार खोलीबाहेरच्या बाकावर वाचलं. आधी इतका राग आला की ह्यांना म्हटलं, मी घरी पत्र लिहिणार नाही. मी तुझ्यावर विसंबून चिंगीला अर्धपोटी ठेवलं, हे कसं गिळू? दोन दिवस तसेच गेले. पण त्या दोन दिवसांत एक चमत्कारिक गोष्ट झाली. मी बाकावरून उठून आत गेले आणि काही न ठरवता चिंगीला मागून घेतलं. रागात होते, म्हणून असेल, हात गार पडले नाहीत. तुझ्यावर चिडत चिडत तिला तीन तास धरून बसले. तीही तुझ्यावर चिडली असावी, कारण पहिल्यांदाच जोर लावून प्यायली.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. अर्ध्या किलोचं ऐकून त्या हसल्या, इस्त्रीचं ऐकून पाणी प्यायला बाहेर गेल्या. मग परत येऊन नीट समजावलं. मी लहान जन्मले हा एक धागा, माझं रक्त कमी होतं हा दुसरा, कमी खाणं तिसरा, आणि कदाचित कुणालाच न कळलेला चौथाही असेल. त्यातला कुठला किती, हे त्याही सांगू शकत नाहीत. म्हणजे गोंधळ आहेच, आई, फक्त आता तो माझ्या एकटीचा नाही. मला गोळ्या परत सुरू केल्यात आणि त्या मी बुडवत नाही. पेन्सिलीचा आकडा खोडून तिथे शाईने दोन किलो एकशे पन्नास लिहिलंय. बाबांचा धंदाही लिहिलाय.

खाण्याचं आता तू ज्याला ज्याला सांगितलं असशील त्याला परत जाऊन सांग. समोरची सून, मावशीची लेक, सगळ्यांना. पाय बरा झाला की आधी हेच काम. माफ केलं का ते विचारू नकोस, अजून थोडं उरलंय. पण आज एक झालं ते ऐक.

आज सकाळी चिंगी काट्यावर बरोबर दोन किलो एकशे पन्नास भरली. सिस्टरने आकडा हळूच सांगितला, इथे कुणी पुकारत नाही. मग तिला उचलून माझ्या छातीवर ठेवलं, आणि मी पहिल्यांदा नीट पाहिलं की दोन किलो दीडशे म्हणजे केवढं असतं. आई, त्या भरल्या खोलीत तू एवढंसंच हातात धरून उभी होतीस. मी असते तर पेटीतली सगळी वजनं घातली असती.

लोभ होता तेवढाच आहे, वजन करून पाहिलं.

तुमची,
ढब्बू